रोशनचा कागद

आखातातल्या, अल बर्शा भागातल्या त्या ट्रॅव्हल एजन्सीत आता दोनच खुर्च्या उरल्या होत्या. मंदी आली तशी गिऱ्हाइकं गेली, मग मालक हमीदशेठनं फर्निचरही विकून टाकलं. गुरुवारी शटर पडणार, खलास. तरी अनुपमा काउंटरवर बसून होती. समोरच्या खुर्चीच्या अगदी कडेवर, जणू ती दुसऱ्या कुणाची असावी अशा बेतानं, मुसफ्फ्याच्या कामगार वस्तीतून आलेला तुकाराम टेकला होता.

"बार्बाडोसचं तिकीट झालं, दादा. मध्ये दोनदा विमान बदलायचं."

"आणि कागद, ताई?"

कागद म्हणजे अनुपमाचा हातखंडा. कधी न पाहिलेल्या बेटावर कसं उतरायचं, बस कुठून धरायची, हे ती कामगारांना मराठीत लिहून द्यायची. सात महिन्यांपूर्वी तुकारामाच्या धाकट्या भावाला, रोशनला, असाच कागद दिला होता. मुसफ्फ्यातलं वर्कशॉप बंद पडलं आणि रोशनला तिकडे बंदरात वेल्डिंगचं काम मिळालं. गेल्या आठवड्यात कामावरून परतताना, रस्ता ओलांडताना तो व्हॅनखाली गेला. त्याला अग्नी द्यायला आणि अस्थी गावी न्यायला तुकाराम निघाला होता.

त्यानं खिशातून एक घडी काढली. कॅम्पच्या खोलीत कपाटाच्या दाराला चिकटवलेली झेरॉक्स. "ह्याच्यासारखाच द्या. फोनवर म्हणाला होता, दादा, ताईंच्या कागदावर बोट ठेवून पोचलो बघ."

अनुपमानं आपलंच अक्षर वाचलं. शिडीवरून उतरून चालत आत जा. फॉर्मवर राहण्याचा पत्ता लिहा. बाहेर टॅक्सीवाले बोलावतील, हसून नको म्हणा. निळी बस, पिवळा पट्टा. थांब्यावर दोनच तऱ्हेच्या पाट्या, एक शहराकडची, एक शहराबाहेरची. हात दाखवल्याशिवाय बस थांबत नाही.

सगळं होतं. एक ओळ नव्हती.

तिनं कोरा कागद ओढला, सगळ्यांच्या आधी ती ओळ लिहिली आणि वाचून दाखवली. न वाचता देणं तिला जमेना.

"तिथे गाड्या आपल्या गावासारख्या डाव्या बाजूनं चालतात. इकडची सवय सोडा. आधी उजवीकडे बघा."

तुकारामाचं बोट नव्या कागदावरून फिरलं, मग झेरॉक्सवरून. "हे रोशनच्या कागदात नाही."

"नाही. मी लिहायला विसरले, दादा. इथे राहून राहून मला हाच रस्ता खरा वाटायला लागला."

त्यानं झेरॉक्सची पुन्हा घडी घातली. मग म्हणाला, "गोवा हायवेला लागून घर आमचं. शाळेत जाताना आई अंगणाच्या कडेला उभी राहायची.

*उजवीकडं बघ बाळा, डावीकडं बघ,*
*आईकडं बघून मग रस्त्यावर निघ.*

रोशन रोज मागं वळून बघायचा. हसायचो मी त्याला. इथं अकरा वर्षं काढली आणि पायच विसरले आमचे."

"माझी चूक झाली, दादा."

"झालीच, ताई." डोक्यावरचं ओझं खाली ठेवावं तसं त्यानं तो शब्द हलकेच ठेवला. "पण कागद पुरा करा. परतीचंही लिहा. येताना तो बरोबर असणार."

अनुपमानं कागद उलटा केला. शहराबाहेरच्या पाटीखाली उभे राहा. अस्थींचा कलश सामानात देऊ नका, जवळ ठेवा. मृत्यूचा दाखला वरच्या खिशात असू द्या. पुढचं अक्षर पुसट झालं, तेव्हा तिनं ते पुन्हा गिरवलं.

दोन्ही कागद एकात एक घालून तुकाराम बाहेर पडला. बसथांबा पलीकडे होता. काचेतून तिला दिसलं, तो फुटपाथच्या कडेला उभा राहून उजवीकडे बघतोय. नुसता उजवीकडेच. आणि डावीकडून पिकअप भरधाव येतोय.

"तुकारामदादा!"

ती धावली, त्याची बाही धरून मागे ओढली. हॉर्न वाजवत गाडी निघून गेली.

"इथे अजून डावीकडेच बघायचं," ती धापा टाकत म्हणाली.

"सराव करत होतो, ताई," तो म्हणाला, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं त्याचं रडू फुटलं.

तिनं बाही सोडली नाही. दोघांनी डावीकडे बघितलं. मग उजवीकडे. रस्ता रिकामा होता. तरी पाऊल टाकण्याआधी तुकारामानं एकदा मागं वळून पाहिलं.