मधल्या फळ्या

"आई, इथे सही करा, एवढंच राहिलंय," म्हणत जावयाने टोपण काढूनच पेन पुढे धरलं, तेव्हाच वनरक्षकबाईंच्या मनात पाल चुकचुकली. लग्नाला सहा वर्षं झाली, इतक्या अगत्याने त्याने त्यांना कधी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

राष्ट्रीय उद्यानातल्या ओढ्यावरच्या लाकडी पुलासाठी सरकारी निधी चार वर्षं अर्ज करकरून आला होता. काम जावयाला मिळालं. पूल बाईंच्या गस्तीच्या हद्दीत, त्यामुळे काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर पहिली सही त्यांची.

पूल देखणा दिसत होता. कठडे सरळ, वर हिरवा रंग. मोठे साहेब बघून खूश झाले, असं जावयाने दोनदा सांगितलं. साहेब चालत कुठवर गेले, असं बाईंनी विचारलं, तर म्हणे फोटोपुरते गेले की. तीस वर्षांच्या नोकरीत चार फळ्यांपलीकडे गेलेला साहेब बाईंनी पाहिला नव्हता. ठेकेदारांनाही ते पाठ होतं.

खिशातला लांब खिळा काढून बाई फळ्या टोचत निघाल्या. पहिल्या सहांत तो शिरेना. सातवीत लोण्यात शिरावा तसा गेला. आठवीतही. नववीवर त्यांनी पाऊलच टाकलं नाही.

जावई काठावरूनच बोलत राहिला. लाकूड महागलंय, वरच्यांचे हात ओले करावे लागतात, पुढच्या निधीत मधल्या फळ्या बदलूच. मग आवाज उतरवून म्हणाला, "हे अडलं तर हाल तुमच्याच लेकीचे होतील, आई."

ही विनवणी की धमकी, बाईंना उमगेना. आणि लेकीला यातलं किती ठाऊक? त्यांनी तिथूनच फोन लावला. बाकी काही न बोलता नातीबद्दल विचारलं, "छकुलीला घेऊन कधी येतेस गं? नवा पूल दाखवते."



"नको आई. पुलावर तर नकोच नेऊस तिला."

बाईंनी फोन ठेवला. दाखल्यावर लिहिलं, 'मधल्या फळ्या कुजक्या. पूल बंद.' खाली सही केली. जावयाने कागद वाचला, घडी घातली आणि 'येतो' न म्हणताच निघून गेला.

बाईंनी पुलाच्या तोंडाशी दोर बांधला. इतक्यात एक कुटुंब आलं. पूल तर नवाकोरा दिसतोय, मग बंद कशाला, म्हणून बाप कुरकुरला.

"दिसतोय खरा," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी बूट काढले, त्या कुटुंबातली लहान मुलगी कडेवर घेतली आणि गुडघाभर पाण्यातून वाट चाचपत पलीकडे निघाल्या.