रुंद स्कीची धार
लॉस्ट म्यूल या स्कीच्या डोंगरावर ‘ही शेवटची फेरी’ असं कुणी तोंडातून काढत नाही. दमलेला माणूस ‘अजून दोन’ म्हणतो, त्यातली एक मारतो आणि गुपचूप घरी जातो. पाय मोडतात ते शेवटच्या फेरीतच, असं इथे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून ती फेरी मारायचीच नाही. डेन्व्हरहून शनिवार-रविवारी येणारे लोक याला हसतात. हसोत बापडे. त्यांच्यातले बरेच जण सोमवारी कुबड्या घेऊन परत जातात.

कॉरिन टफोयाला मात्र मार्चमधल्या त्या दुपारी एक फेरीसुद्धा नकोशी झाली होती. सकाळपासून ती भाड्याच्या बुटांच्या काउंटरवर उभी होती. लोकांचे ओले मोजे, लोकांची रडकी पोरं, बूट घट्ट होतो, बूट सैल होतो. आणि आता परीक्षा. दर तीन वर्षांनी प्रशिक्षकांच्या संघटनेची बाई येते आणि पार्कमध्ये, म्हणजे उड्यांचे उंचवटे रचलेल्या आणि बर्फात लोखंडी रेल रोवलेल्या उतारावर, शिकवणाऱ्यांना स्वतःच्या पायांनी करून दाखवावं लागतं: मोठ्या उंचवट्यावरून हवेत पूर्ण गिरकी, आणि लांब लोखंडी रेलवरून आडव्या स्कींनी या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत जाणं. प्रत्येकी दोन संधी. जमलं तर प्रशिक्षकाचं लाल जाकीट अंगावर राहतं. नाही जमलं तर पुढच्या हिवाळ्यापासून दिवसभर बुटांचं काउंटर. कॉरिनला आयुष्यात बऱ्याच गोष्टी सोडाव्या लागल्या होत्या, पण त्या मोज्यांच्या वासात म्हातारं व्हायची तिची अजिबात तयारी नव्हती.

त्यात स्की धड नव्हत्या. पार्कच्या अरुंद, हलक्या स्की फेब्रुवारीत त्याच रेलवर मोडल्या होत्या. राहिल्या होत्या त्या रुंद, सगळ्या डोंगराला चालणाऱ्या; लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, ताज्या खोल बर्फात लाइलबरोबर भटकायला घेतलेल्या. लाइल तिचा नवरा. रात्रभर अवजड यंत्र घेऊन डोंगरावरचा बर्फ सपाट करायचा हे त्याचं काम, त्यामुळे तो घरी यायचा तेव्हा ही निघायची. हिवाळाभर दोघांची गाठ पडायची ती दारात, त्याच्या हातात थर्मास आणि हिच्या हातात पिकअपची किल्ली. खोल बर्फात भटकणं कधीच बंद पडलं होतं.

“आलीस का घराचं दार उचकटून?” पार्कच्या वरच्या टोकाला ओटिसने तिच्या स्कींकडे बघून विचारलं. ओटिस म्हणजे पार्क नीट ठेवणाऱ्या टोळीचा मुकादम. दाढीत बर्फ आणि तोंडात कायम काहीतरी खवचट.

“दोन दारं आणलीत. एक तुझ्या डोक्यात घालायला.”

“अगं, पण खरंच यांच्यावर रेल करणारेस?”

“महिनाभर करतेय की. जड आहेत, हवेत फिरवताना कंबर बोलते. पण उतरताना भाकरीसारख्या थापून बसतात.”

हे खरं होतं. दुपारी बर्फाचा चिखल होतो, त्यात अरुंद स्की रुततात आणि या तरंगतात. शिवाय आज सकाळी काउंटर उघडण्याआधी तिने एक फेरी मारली होती. रात्री गोठून काचेसारख्या झालेल्या उतारावर त्या इतक्या पक्क्या धरत होत्या की तिला वाटलं, आज आपले पाय बरे आहेत. पायांवर खूश व्हायची वेळ तिच्यावर बऱ्याच दिवसांनी आली होती.

हॅलॉक बाई, म्हणजे परीक्षक, खाली हद्दीच्या दोरीपाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. आणि त्यांच्या पलीकडे, कामाच्या मळक्या डगल्यात, लाइल. या वेळी तो गाढ झोपलेला असायला हवा होता. कामगारांची बस पकडून तो वर आला होता, हातात चंदेरी कागदात गुंडाळलेलं हिरव्या मिरचीचं बरीटो घेऊन. त्याने ते उंच धरून हलवलं. कॉरिनला हसू आलं.

“निघाले!” ती ओरडली. पार्कमध्ये ओरडल्याशिवाय कुणी सुटत नाही.

गिरकी पहिल्याच फटक्यात झाली. देखणी नव्हती. पण स्की चिखलात थापून बसल्या, आणि हॅलॉक बाईंनी मान हलवली.

मग रेल. कॉरिनने उडी घेतली, स्की आडव्या केल्या, पावलांखाली लोखंड लागलं, आणि मध्यावर कुणीतरी पाय पकडावा तशी डावी स्की जागच्या जागी थांबली. स्की थांबली, कॉरिन थांबली नाही. ती कमरेवर आपटली आणि चिखलात घसरत दोरीपर्यंत गेली.

“मोडलं का काही?” हॅलॉक बाईंनी उठून विचारलं.

“नाही.”

“दम घ्या. एक संधी आहे अजून. एकच.”

कॉरिन बसून राहिली. पडणं तिला नवं नव्हतं, पण असं पडणं नवं होतं. तिने हातमोजा काढला आणि डाव्या स्कीच्या कडेवर, बरोबर पावलाखाली, अंगठ्याचं नख फिरवलं. नखाचा पांढरा भुसा निघाला.

धार होती. नव्या सुरीसारखी धार.

पार्कवाल्यांच्या स्कीला पावलाखाली धार नसते. ती कानस मारून मुद्दाम मारून टाकायची असते, कारण रेलच्या लोखंडावर बारीक खाचा असतात आणि धार त्यांत अडकते. महिन्याभरापूर्वी कॉरिनने स्वतः ती मारली होती. रोज सकाळी नख फिरवून बघायचीही तिची सवय होती. आज स्की आधीच पिकअपमध्ये ठेवलेल्या होत्या, तिला तेवढंच बरं वाटलं होतं, आणि नख फिरवायचं राहून गेलं होतं.

म्हणजे सकाळी उतारावर पाय बरे नव्हते. धार बरी होती.

लाइल धापा टाकत येऊन तिच्याशेजारी बसला. “लागलं का गं?”

“नाही.”

“मग झालं काय? स्की तर मी अशा केल्यात ना, की दाढी करून घे.” तो हे कौतुकाने बोलला, आणि तिचं तोंड पाहून त्याचा आवाज खाली आला. “काल कामावर जायच्या आधी शेडमध्ये बसलो होतो. मधली कड पार मेली होती तुझी. मी म्हटलं, बाई इतकी दमलीय की स्वतःच्या स्कीकडेसुद्धा बघत नाही. आज परीक्षा, तर निदान एवढं तरी…”

कॉरिनला रागावायचं होतं. राग सोपा होता, तयारही होता. दहा वर्षं पार्कमधल्या बाईबरोबर संसार करून या माणसाला एवढं कळू नये? पण तिला दिसलं ते वेगळंच: झोप मोडून शेडच्या थंडीत कानस मारत बसलेला नवरा, ज्याला बायकोची बोथट धार पाहून वाईट वाटलं होतं. तिच्या दमण्याकडे कुणाचं लक्ष आहे हे तिला आत्ता, चिखलात बसून, कळत होतं. आणि दोरीपलीकडे हॅलॉक बाई घड्याळ बघत होत्या.

काही न बोलता स्की बदलून आणाव्यात, तर भाड्याच्या होत्या त्या सगळ्या धारेच्याच. तशीच उडी मारावी, तर पुन्हा तेच. आणि धार घालवावी, तर ती याच्यासमोर घालवावी लागणार.

“ओटिस,” तिने हाक मारली, “कानस टाक.”

ओटिसच्या खिशात ती कायम असते. त्याने ती फेकली, लाइलकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा खवचट काही न बोलता दुसरीकडे बघायला लागला.

कॉरिनने स्की मांडीवर आडवी घेतली. कानस दोनदा घसरली. लाइल बघत होता. हळूहळू त्याला उमगत गेलं.

“मी केलं हे,” तो म्हणाला.

“तुला माहीत नव्हतं.”

“मी पाडलं तुला.”

“लाइल, आत्ता नको. वेळ नाहीये.”

त्याने तिच्या हातातून कानस काढून घेतली आणि गुडघे टेकून बर्फात बसला. “कुठून कुठपर्यंत?”

तिने बोटाने दाखवलं. “इथून इथपर्यंत. पुढे-मागे हात लावू नकोस.”

तो कामाला लागला. कालची सगळी मेहनत त्याने स्वतःच्याच हाताने उतरवली, चारही कडांवरून, एकेक करून, मान वर न करता. लोखंडाचा काळा भुसा बर्फावर पडत होता. प्रत्येक कडेवर तो नख फिरवून बघत होता, आणि तिच्याकडून होकार आल्यावरच पुढची कड घेत होता. कॉरिन त्याच्या टोपीतून बाहेर आलेल्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिली. हे कधी पांढरे झाले, हे तिला माहीत नव्हतं.

“टफोया,” हॅलॉक बाई म्हणाल्या, “अंधार पडायची वाट बघायची का?”

“आले, मॅडम.”

वर जाताना कंबर ठणकत होती. तिने मनात ‘शेवटची’ हा शब्द येऊ दिला नाही. “निघाले!” ती ओरडली, आवाज फाटका निघाला. उडी, आडव्या स्की, पावलाखाली लोखंड. मध्यावर ती खाच आली. स्की तिच्यावरून दगडी पाट्यावरच्या लोण्यासारखी सरकली. शेवटच्या टोकाला कॉरिन वाकडी झाली, हात पंख्यासारखे फिरले, पण त्या रुंद फळ्या चिखलात थापून बसल्या आणि ती उभी राहिली.

“ओबडधोबड,” हॅलॉक बाई म्हणाल्या. “पण पूर्ण. जाकीट ठेवा.”

ओटिसने फावडं आपटून टाळ्या वाजवल्या. “दारं उघडली गं, बये!”

गाडीतळावर दोघं पिकअपमध्ये बसली. लाइलची पाळी सुरू व्हायला अजून थोडा वेळ होता. त्याने बरीटोचे दोन तुकडे केले, मोठा तिला दिला. थंडगार झालं होतं, तरी मिरची चांगली तिखट होती. तिला आनंद झाला होता, पण तो कमरेतल्या कळेमागे कुठेतरी बसला होता, पुढे यायला वेळ घेत होता.

“पुन्हा तुझ्या स्कींना हात लावणार नाही,” तो म्हणाला.

“लाव. पुढे लाव, मागे लाव. मधे विचारून लाव.”

तो हसला. मग डोकं काचेला टेकवून, डोळे मिटूनच म्हणाला, “कॉरी, अजून किती वर्षं करणार हे?”

तिने पायातल्या बुटांकडे पाहिलं. ते काढायचीसुद्धा ताकद नव्हती.

“अजून दोन,” ती म्हणाली.

“आणि शेवटचं?” त्याने अर्धवट झोपेत विचारलं.

“ते करायचं नाही. त्या हिवाळ्यात मी तुझ्याबरोबर खोल बर्फात येणार.”

तिने वळून पाहिलं तर तो झोपला होता, बरीटोचा तुकडा तसाच हातात. किल्ली लावून हीटर चालू करावा असं तिला वाटलं. काच आतून धुरकटत होती, पाय गारठत होते. पण जुनं इंजिन सुरू होताना फार धडधडतं. तिने किल्ली मांडीवर ठेवली, त्याच्या हातातला तुकडा हळूच काढून घेतला, आणि त्याच्या पाळीची वेळ होईपर्यंत तशीच बसून राहिली.