आत्याची जीभ

आत्याचा मिठावर भारी विश्वास. माशांच्या कल्ल्यांवर पांढरे डाग दिसले की टाकीत मीठ, शेपट्या झडल्या की मीठ. मासे बरेही व्हायचे, त्यामुळे तिच्यापुढे तोंड उघडायची सोय नव्हती. मोजायचं यंत्रबिंत्र तिला चालायचं नाही. ओंजळभर पाणी घ्यायची, जिभेला लावायची आणि डोळे मिटून किती मीठ हवं ते सांगायची.

आमच्या मत्स्यपालनाच्या शेडमधल्या शेवटच्या टाकीत आतोबांनी स्वतः वाढवलेल्या माद्या होत्या. आतोबा गेले, पण त्यांच्या माद्यांच्या अंड्यांवरच आमचं सगळं चालायचं. दुपारी छतातून हिरवट उजेड पाण्यात उतरायचा, माद्या संथ फिरायच्या, आत्या त्यांच्याशी बोलता बोलता पेंगायची. मीही पेंगायचे. तिथे बसलं की आपणही पाण्याखालीच आहोत असं वाटायचं.

यंदा माद्यांच्या अंगावर लाल चट्टे उठले. आत्याने मीठ टाकलं. चट्टे वाढले, तिने आणखी टाकलं. काही माद्या उलट्या तरंगल्या, तेव्हा मी तिला न विचारता माशांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

"हे जंतू खाऱ्या पाण्यातलेच," तपासून त्या म्हणाल्या. "दुसरे मिठाने मरतात, हे मिठावर पोसतात. पाणी हळूहळू गोडं करा, एकदम नको. औषध खाद्यातून द्या. पण पाणी इतकं खारट होईपर्यंत कळलं कसं नाही?"

त्या गेल्यावर मी आत्यावर घसरलेच. "जिभेला काय झालंय तुझ्या?"

"तापानंतर कशालाच चव लागत नाही गं," ती हळूच म्हणाली. "वाटलं, येईल परत."

"मग सांगायचं नाही?"

"सांगून? ते गेले. पोरं आपापल्या घरी. ही जीभ होती म्हणून तुम्ही मला विचारत होतात."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला रडूच आलं.

गोड्या पाण्याचा नळ आम्ही बारीक सोडला. सगळ्यात थोरली मादी कलंडत होती. आत्या साडी खोचून टाकीत उतरली आणि तिला दोन्ही हातांनी सरळ धरून पाण्यातून सावकाश फिरवू लागली. दुपार तशीच विरघळत गेली. आत्या काय पुटपुटत होती ते मला ऐकू येत नव्हतं. मग मादीने शेपूट मारली आणि ती तिच्या हातांतून सुटून तळाशी गेली.

आत्या रिकाम्या हातांनी उभी राहिली. हसली नाही. शेजारच्या टाकीकडे मान वळवून म्हणाली, "तिथलं पाणी चाखून ये. तू सांगशील तसं करू."