सत्तरीपुढचे रकाने

"बसतंय! अगं, सगळं बसतंय!"

रविवारी सकाळी अर्ध्या गालाला फेस लावून आमचे हे न्हाणीघरातून ओरडत बाहेर आले. मला वाटलं, गळक्या नळाचा वॉशर बसला.

बसला होता तो हिशेब. महिनाभर यांचं डोकं वहीतच होतं. फंड, तीन मुदत ठेवी, बचत खात्यातली शिल्लक आणि माझ्या शिवणकामातून साठलेलं थोडंफार. छापखान्यात चौतीस वर्षं यंत्रापुढे उभं राहून यांच्या गुडघ्यांची पार वाट लागलेली. साठीला दोन वर्षं बाकी असताना घरी बसायचं, म्हणून स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरून तयार होता. सोमवारी द्यायचा. फक्त पैसे जन्मभर पुरतील का, एवढंच ठरायचं होतं.

"पुरतात! वर दरवर्षी एक सहल!"

खोटं कशाला सांगू, मी मनातल्या मनात बॅगसुद्धा भरली. समुद्र! आजवर नुसता कॅलेंडरवर पाहिलाय. मग वही ओढून घेतली. विश्वास आहे हो माझा, पण यांचा शर्ट इतकी वर्षं शिवतेय, तरी दरवेळी माप नव्याने घेतेच.

दोन रकाने होते. 'तिचा खर्च' नव्वदीपर्यंत गेला होता, औषधं, चष्मा, दात, सगळं धरून. 'माझा खर्च' सत्तरला संपला होता. खाली पट्टीने मारलेली सरळ रेघ.

"हे काय? सत्तरीनंतर जेवणार नाही का तुम्ही?"

"अगं, आमच्या घरात सत्तरी गाठलीय कोणी? बाबा अडुसष्ट, काका एकोणसत्तर. मी तर सढळ हाताने एक वर्ष जास्तच धरलंय."

सढळ हाताने! माझं टाळकंच सरकलं. स्वतःच्या आयुष्यात काटकसर करून बायकोला सहलीला पाठवायला निघालेला हा माणूस! संतापाने बोलायला गेले आणि रडूच फुटलं.

"आणि समुद्रावर कोणाबरोबर जाऊ मी? तुमच्या बचतीबरोबर?"

यांच्या गालावरचा फेस वाळून गेला होता.

मी रेघ खोडली आणि यांचा रकानाही नव्वदीपर्यंत भरला. गुडघ्यांचं ऑपरेशनही घातलं. अर्थातच तूट आली. मग आम्ही दोघं जे भिडलो! बचत खात्यात नुसती लोळणारी शिल्लक ठेवीत घातली. ठेवी वेगवेगळ्या वर्षी सुटतील अशा लावल्या. सहल वर्षाआड केली. दुपारची जेवणं राहिली, पण तूट घटत घटत यांच्या दोन वर्षांच्या पगारावर आली आणि तिथेच अडली.

"अजून दोन वर्षं उभं राहावं लागेल," मी हळूच म्हटलं. "जमेल?"

यांचं बोट रकान्यावरून खाली सरकत होतं. एकाहत्तर, बहात्तर, त्र्याहत्तर... डोळे असे चमकत होते, की मला हसू आवरेना.

"एक्क्याऐंशीला कुठे जायचं गं?"

"एक्क्याऐंशीला घरी. ब्याऐंशीला समुद्र."

सोमवारी संध्याकाळी हे लंगडत आले, पण चेहरा फुललेला.

"साहेबांनी विचारलं, अर्ज का नाही दिला? म्हटलं, मुदतवाढ मिळाली. ते म्हणाले, दोन वर्षांची ना? म्हटलं, नाही साहेब, वीस वर्षांची. घरून मिळालीय."