काशीचा ठावठिकाणा

किर्ती भोपी अंबरनाथच्या एका समुपदेशन केंद्रात काम करायची. नवऱ्याचा मार खाऊन, जीव मुठीत धरून घराबाहेर पडलेल्या बायका तिथे यायच्या. त्यांचं ऐकून घ्यायचं, वकील गाठून द्यायचा, राहायची सोय लावायची आणि त्या कुठे आहेत हे कोणाला कळू द्यायचं नाही, हे तिचं काम. ती याबाबत फार काटेकोर होती. नवरा अक्षयलासुद्धा तिने कधी कोणाचं नाव सांगितलं नव्हतं. बदलापूर पूर्वेला शिरगावच्या फ्लॅटमधून काम असेल त्या दिवशी ती बेडरूमचं दार लावून, कानाला हेडफोन लावून बोलायची, आणि बोलणं झालं की मेसेज पुसून टाकायची.

नव्या लॅपटॉपने मात्र तिला वैताग आणला होता. एका अपडेटनंतर स्क्रीनवर पाटी आली, ‘आता तुमचा संगणक सगळं लक्षात ठेवेल.’ म्हणजे तो सतत स्क्रीनचे फोटो काढून ठेवणार, त्यातला मजकूर वाचणार आणि कोणी काही विचारलं की जुन्यातलं शोधून पुढ्यात मांडणार. खाली दोन बटणं होती, ‘सुरू करा’ आणि ‘नंतर विचारा’. ‘नको’ असं बटण नव्हतंच. किर्तीने सेटिंगमध्ये शिरून, एकातून दुसऱ्यात जात, शेवटी ते कुठेतरी बंद केलं. थोड्या दिवसांनी पुन्हा अपडेट आलं. त्यात ते आपोआप चालू झालं होतं, पण या वेळी पाटीबिटी काही आली नाही.

त्या सकाळी ती पोळ्या लाटत होती. सासरे, हिरामणअण्णा, स्वयंपाकघरात येऊन बसले. अण्णा ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले, मूळ गाव बारवी धरणाच्या बाजूचं. भजनाचे नाहीतर कबड्डीचे व्हिडिओ बघायला ते अधूनमधून सुनेचा लॅपटॉप घ्यायचे.

“एक चांगली बातमी आहे,” चहा फुंकत ते म्हणाले. “बुधाजीची सून सापडली.”

किर्तीचं लाटणं थांबलं. “कोणाची?”

“बुधाजी नाय का, आमच्या गावचा. त्याच्या जनूची बायको, काशी. दिवाळीपासून बेपत्ता होती. पोलिसांना सापडली नाय आणि तुझ्या लॅपटॉपला सापडली बघ.”

आदल्या रात्री त्यांना बुधाजीकडच्या पूजेचा व्हिडिओ बघायचा होता. लॅपटॉपवर खाली ‘काहीही विचारा’ असा चौकोन दिसला, म्हणून ते बोलले, “बुधाजीकडचं दाखव.” त्यावर पूजा आली नाही. व्हिडिओ कॉलमधला एका बाईचा चेहरा आला आणि शेजारी तिचा मेसेज. आवाज तुटत होता म्हणून काशीने तो तेव्हा लिहून पाठवला होता: ‘सासरे बुधाजी वाईट नाहीत पण पोराला सांगतील. मी कॅम्प पाचला सोनियाभाभीच्या जीन्सच्या कारखान्यात लागले.’

“तो मेसेज मी तेव्हाच पुसलाय,” किर्ती म्हणाली.

“पुसला असशील. पण मला दिसला ना.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? बुधाजीला फोन लावला. म्हटलं, सुखरूप आहे, तुझं नावपण लिहिलंय, उल्हासनगरला कॅम्प पाचच्या जीन्सच्या कारखान्यात सोनियाभाभीकडे लागलीय. रडला गं तो फोनवर.”

किर्तीने गॅस बंद केला. “अण्णा, जनूने तिचा हात मोडलाय. पुन्हा दिसलीस तर जिवंत ठेवणार नाही, असं सांगितलंय तिला. म्हणून ती लपून राहतेय.”

अण्णांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “बुधाजी मला म्हणाला, भांडण झालं आणि गेली.”

“तो दुसरं काय सांगेल? आणि मेसेजमध्ये लिहिलं होतं ना, पोराला सांगतील म्हणून?”

“मी तिचा चेहराच बघितला. आनंद झाला. बुधाजीचं नाव नि कामाचा पत्ता तेवढा वाचला, बाकीचं कोण वाचतंय.”

किर्तीला त्यांच्यावर भडकायचं होतं, पण राग त्यांच्यावर टिकेना. एका सासऱ्याला सून जिवंत आहे म्हणून कळवणाऱ्या म्हाताऱ्याला काय बोलायचं. तिने काशीला फोन लावला. बंद. कारखान्यात शिरताना सगळ्यांचे फोन काढून घेतात, हे तिला माहीत होतं. मग केंद्राच्या प्रमुख रुचिका राणे यांना लावला.

रुचिकाताईंनी सगळं ऐकलं. “तू जवळ आहेस, तू नीघ. मी पोलिसांशी बोलते आणि गाडी पाठवते. तिला आज तिथून हलवायचं.”

किर्ती चपला घालत होती तेव्हा अण्णा शर्टाची बटणं लावत दारात उभे होते. “मी येतो. जनूला मी चेहऱ्याने ओळखतो, तू ओळखत नाहीस.”

रिक्षा सरळ कॅम्प पाचपर्यंत ठरवली. अंबरनाथच्या सिग्नलला अडकल्यावर किर्तीने लॅपटॉपच्या मदत केंद्राचा नंबर फिरवला. आधी गाणं वाजलं, मग भाषा निवडा, मग पुन्हा गाणं. शेवटी एक मुलगा आला. तिने सांगितलं, मी हे बंद केलं होतं, ते तुम्ही चालू केलंत, आत्ताच्या आत्ता त्यातलं सगळं पुसायचं कसं ते सांगा.

“मॅडम, काळजी करू नका,” तो गोड आवाजात म्हणाला. “ते फोटो फक्त तुमच्याच लॅपटॉपमध्ये राहतात. बाहेर कुठेही जात नाहीत. पूर्ण सुरक्षित आहेत.”

“बाहेर गेलंय. माझ्या सासऱ्यांच्या तोंडून गेलंय.”

“मॅडम, लॅपटॉप घरातल्या इतरांना दिला असेल तर ती जबाबदारी वापरणाऱ्याची येते. हे फीचर तुमच्या सोयीसाठीच आहे.”

“मी मागितली होती का सोय?”

“मॅडम, तुमची तक्रार नोंदवून घेऊ का?”

तिने फोन कापला. शेजारी अण्णा बाहेर बघत बसले होते.

कारखान्याच्या गल्लीच्या तोंडाशी जनू उभा होता. बाइक स्टँडवर लावून तो पानवाल्याला मोबाइलमधला फोटो दाखवत होता. अण्णांनी रिक्षा थोडी पुढे नेऊन थांबवायला लावली आणि उतरले. “तू मागच्या बाजूने जा,” ते म्हणाले. “याला मी बघतो.”

किर्ती दोन दुकानांच्या मधून आत घुसली, पण त्यांचं बोलणं तिला ऐकू येत होतं.

“हिरामणकाका, तुम्ही इथे?” जनूचा आवाज.

“तुझ्याचसाठी आलो. अरे, चूक झाली माझी. ती काशी नव्हतीच. सुनेने नीट दाखवलं मला नंतर, कोणी दुसरीच बाई, नगर बाजूची.”

“मग नाव कसं लिहिलं होतं माझ्या बापाचं?”

“त्या मशीनने जोडलं काहीतरी. बुधाजी विचारलं म्हणून कुठलाही बुधाजी दाखवला. त्याला काय अक्कल?”

“कंप्युटर खोटं बोलतो होय?”

“बोलतो. मी आज फसलो ना.”

अण्णा आयुष्यात फारसं खोटं बोलले नव्हते आणि आवाजावरून ते कळत होतं. पण ते त्याचा हात धरून त्याला चहाच्या टपरीकडे ओढत नेत होते, आणि बापाच्या वयाच्या माणसाचा हात झटकायला जनू कचरत होता.

आत शिलाई मशीनचा कल्ला होता आणि सगळीकडे निळ्या धाग्यांचा भुसा. मालकीण सोनिया लालवानी मापाच्या फूटपट्टीने पाठ खाजवत उभी होती. किर्तीने तिला थोडक्यात सांगितलं.

“बाहर खडा है क्या?” सोनियाने विचारलं आणि कपाळाला हात लावला. “अरे यार. आत्ता कुठे हात बसला होता तिचा. खिसा लावायला शिकवला मी तिला, एकदम सीधा लावते. अब किसको बिठाऊं?” मग मागे वळून तिने हाक मारली, “काशी, मशीन बंद कर. इधर आ.”

काशी आली. किर्तीला बघूनच तिला समजलं. तिने ओढणीवरचे धागे झटकले.

“जनूला कळलं?”

“हो.”

“ताई, मी दोघींनाच सांगितलं होतं. ह्या भाभीला आणि तुम्हाला.”

सोनिया म्हणाली, “मेरे मुंह से नहीं निकला, कसम से.”

“माझ्याकडून गेलं,” किर्ती म्हणाली. तिने लॅपटॉपचं सांगितलं. तो फोटो काढतो, पुसलेलंही ठेवतो, विचारणाऱ्याला दाखवतो. सांगताना तिला स्वतःलाच ते बनावट वाटायला लागलं.

काशी नीट ऐकत होती. “तुम्ही म्हनला होतात, दार लावून बोलते.”

“लावलं होतं गं.”

“मंग आत कोन होतं?”

सोनियाने काशीचा डबा आणि पिशवी आणून दिली. रुचिकाताईंची गाडी मागच्या रस्त्याला लागली होती. काशी गाडीत बसली, काच वर केली आणि मग पुन्हा खाली करून म्हणाली, “खोलीवर माझी कपडं हायत. पन ऱ्हाऊ द्या. खोली पन ठावं असंल त्याला.” गाडी गेल्यावर अण्णा जनूला टपरीवर सोडून रिक्षापाशी आले.

काशीला कुठे नेलं हे रुचिकाताईंनी किर्तीला सांगितलं नाही. “तुला माहीत नसलेलं बरं,” त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तरी घरी येताना रिक्षात किर्तीला रडू आलं. अण्णांनी खिशातला रुमाल काढून दिला आणि स्वतः दुसरीकडे बघत राहिले.

संध्याकाळी तिने लॅपटॉप उघडला. सगळे फोटो पुसायचं बटण सापडेपर्यंत जेवायची वेळ झाली. ते दाबल्यावर लॅपटॉपने विचारलं, ‘खात्री आहे? तुमच्या आठवणी परत मिळणार नाहीत.’ अक्षय मागून वाचत होता. तो म्हणाला, “आठवणी कसल्या, चोरी म्हण.” दुसऱ्या दिवशी रुचिकाताईंनी केंद्राचं सगळं काम त्या लॅपटॉपवरून काढून घेतलं. बायका आता समोर बसूनच बोलतात. बारवीकडून येणाऱ्या बाईला त्यासाठी अख्खा दिवस मोडावा लागतो, आणि काही जणी येतच नाहीत. त्यांचं काय होतं हे किर्तीला कळत नाही.

बुधाजीने अण्णांशी बोलणं सोडलं. अण्णा खोटं बोलले हे त्याला कळलं होतं. जत्रेला गावी गेल्यावर तो समोरून आला आणि पुढे गेला. अण्णांनी घरी येऊन एवढंच सांगितलं आणि त्या दिवशी लवकर झोपले.

उन्हाळ्यात एका दुपारी किर्तीला अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे मशीनचा आवाज होता.

“ताई, मी काशी. बरी हाय. कुटं हाय ते सांगत नाय.”

“नको सांगूस,” किर्ती म्हणाली.

“खिसं लावते हिकडं बी. हिकडची बाई म्हंते, कुनी शिकवलं इतकं सरळ.”

“मग काय सांगितलंस?”

“सांगितलं, आपलं आपन शिकले,” काशी म्हणाली, आणि पलीकडून कोणीतरी हाक मारली म्हणून तिने फोन ठेवला.