ढोलावरचं नाव

“मॅडम, नाव घासू म्हणता?” गुलाम रसूलने ग्राइंडर हातात घेतला होता, चालू केला नव्हता.

“नाव गेलं तरच हा समुद्रात जाईल,” मी म्हणाले.

हा म्हणजे जाड पत्र्याचा, पुरुषभर उंचीचा पोकळ तरंगा. रसूल त्याला ढोल म्हणायचा. लाटेबरोबर तो वरखाली होणार आणि त्या हालचालीतून वीज तयार होणार. आराखडा माझा, मी मलकापुरात पदार्थविज्ञान शिकवते. कोकण किनाऱ्यावरच्या त्या प्रकल्पाचा निम्मा खर्च सरकारी निधीतून आणि निम्मा एका खाजगी कंपनीकडून येणार होता. तरंगा रसूलकडून करून घेतला, कारण त्याच्या टाक्या गळत नाहीत. सांध्याला एका बाजूने चुना लावायचा, दुसऱ्या बाजूने रॉकेल. चुन्यावर डाग उमटला, तर सांधा कच्चा. या तरंग्यावर एकही डाग उमटला नव्हता.

समुद्र त्याने कधी पाहिला नव्हता. “ढोल पाण्यात सोडाच्या वक्ती मले घेऊन चला,” एवढंच त्याने मागितलं होतं.

आणि ट्रॉलीवर, टाकीवर काढतो तशी यावरही त्याने वेल्डिंगनेच उठावाची अक्षरं काढली होती: रसूल, मलकापूर.

पाहणीला आलेल्या साहेबांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं. निधी किनारी जिल्ह्यांचा. वस्तू तिथेच बनलेली हवी. कंपनीच्या शंतनूने मला बाजूला घेतलं. “नाव काढा. आमच्या तिकडच्या कारखान्याची पाटी लावू. कोण बघतंय?”

मी नाही म्हटलं नाही.

“साहेबाले मलकापूर काऊन झोंबलं?” रसूल म्हणाला. “बुडला तं माहा, तरंगला तं त्याहिचा?” मग स्वतःच हसला. “जाऊ द्या. मासे थोडीच वाचतेत.”

ग्राइंडर सुरू झाला.

सरकारने लिहिलं, कंपनीने आधी आपला हिस्सा जमा करावा. कंपनीने लिहिलं, सरकारी हिस्सा आल्यावर आमचा. मी दोन्हीकडे सात-सात पत्रं पाठवली. मार्च संपला, निधी परत गेला. पाटी कधी आलीच नाही. शंतनूने माझे फोन उचलणं बंद केलं.

तरंगा दोन पावसाळे रसूलच्या दारात पडून होता. घासलेली जागा सगळ्यात आधी गंजली. शेवटी मीच म्हटलं, कापून टाका.

संग्रामपूरच्या रंगरावांना म्हशींसाठी हौद हवे होते. तरंगा उभा चिरून दोन झाले. ते न्यायला आले त्या दिवशी मी तिथेच होते. रंगरावांनी पत्र्यावरून हात फिरवला. “चाचा, तुमच्या हौदावर तं नाव रायते. याच्यावर काऊन नाही?”

“हा मलकापूरचा नाही, भाऊ,” रसूल म्हणाला. “कोकणात बनला.”

माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. एक हौद विटांवर ठेवून काठोकाठ भरला, खालून सांध्यावर सावकाश हात फिरवला आणि तळवा माझ्यासमोर धरला.

कोरडा होता.