ब्रेक, टायर, रस्ता

ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. भिंत सरळ उभी राहतेय की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतो, त्याला ओळंबा म्हणतात. हा माणूस शर्यतीच्या प्रत्येक फेरीत, प्रत्येक वळणावर गाडी अगदी त्याच जागेवरून नेई, वीतभरसुद्धा इकडे-तिकडे नाही. म्हणून कुणा मेकॅनिकने त्याला ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. पंचवीस वर्षं तो गाड्या पळवत होता. एक पाय मोडून पुन्हा सांधला होता, डाव्या हाताची दोन बोटं पुरती मिटत नव्हती, आणि मोठ्या म्हणाव्यात अशा दोन शर्यती त्याने जिंकल्या होत्या. बाकीच्या शर्यतींत त्याने गाडी धडपणे घरी आणली होती. ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

दुसरा भिंगरी. वयाने पुष्कळ लहान. पहिल्याच मोसमात त्याने तीनदा गाडी जागच्या जागी गरकन फिरवली, म्हणून भिंगरी. पण पोरगा वेगवान होता. हे ओळंबाही कबूल करी, दात खाऊन का होईना. दोघं एकाच संघात, आणि एकाच गाडीवर. एवढ्यावर निभावलं असतं, पण या भिंगरीने लग्न केलं ते ओळंब्याच्या धाकट्या बहिणीशी.

धाकटी त्याच संघाची इंजिनिअर होती. लहानपणी वडिलांच्या गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत भाऊ गवत कापायच्या यंत्राचं इंजिन लावलेली गाडी फिरवायचा, तेव्हा ही पालथ्या बादलीवर उभी राहून स्टॉपवॉच दाबायची आणि घसा फोडून वेळ ओरडायची. आता बादलीच्या जागी खुर्ची आली होती, समोर पडदे आले होते, आणि ओरडण्याऐवजी ती रेडिओवर हळू आवाजात बोलत असे. एका कानात भाऊ, दुसऱ्या कानात नवरा.

आता लांब पल्ल्याच्या शर्यतीत दोन ड्रायव्हर एक गाडी कशी चालवतात ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पहिला आपल्या वाट्याच्या फेऱ्या मारून पिटमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या थांब्यावर, येतो. गाडी थांबते, तो उडी मारून बाहेर पडतो, दुसरा आत शिरतो. तिकडे चाकं बदलणारे आणि पेट्रोल भरणारे आपल्या कामाला लागलेले असतात, म्हणून आत बसलेल्याचे पट्टे कोण आवळतं? तर नुकता उतरलेला ड्रायव्हरच. खांद्यांवरचे दोन, कमरेचे दोन, मांड्यांमधले दोन. गुडघा सीटला टेकून, सगळा जोर लावून ओढावे लागतात. म्हणजे तुमचं ज्याच्याशी हाडवैर आहे, तोच तुम्हाला मिठी मारल्यासारखा वाकून बांधत असतो.

आणि बांधता बांधता तो तीन गोष्टी सांगतो. ब्रेक, टायर, रस्ता. याच क्रमाने, हेल्मेटला हेल्मेट टेकवून, कारण त्या गोंगाटात दुसरं काही ऐकूच येत नाही. "ब्रेक चांगला, टायर अर्धे, रस्ता ओला." संपलं. ही रीत ओळंब्याला वडिलांनी शिकवली होती. एकाच गाडीवर आलटून पालटून बसणारे दोघं एकमेकांचं तोंड बघत नसले तरी चालतं, ते म्हणायचे, पण या तीन शब्दांत भेसळ नको.

भिंगरीने ती केली होती. मागच्या शर्यतीत उतरताना तो म्हणाला, "टायर गेले." ओळंब्याने मग सगळी पाळी जपून, टायर चुचकारत काढली आणि तीन गाड्या त्याच्या पुढे निघून गेल्या. शर्यत संपल्यावर टायरवाल्याने त्या टायरांवरून तळवा फिरवला आणि म्हणाला, "याला काय धाड भरलीय? अजून अर्धी शर्यत निघाली असती."

ओळंब्याने भिंगरीला सामानाच्या ट्रकमागे गाठलं. हे दोघं एकमेकांना कायम अहो-जाहो करत, आणि ते ऐकून मेकॅनिकांच्या अंगावर काटा येई.

"टायर कुठे गेले होते, जावईबापू? सासुरवाडीला?"

"मला तसं वाटलं, दादा," भिंगरी हसत म्हणाला. "आणि तुम्ही तरी लगेच विश्वास ठेवलात. वय झालं की सगळंच झिजलेलं दिसतं म्हणा."

हे सगळं कशासाठी, तर एका सीटसाठी. पुढच्या वर्षी संघ लांब शर्यती सोडून छोट्या शर्यतींत उतरणार होता. तिथे एका गाडीवर एकच ड्रायव्हर. मालकीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "मोसमाची शेवटची शर्यत बघते आणि ठरवते." मालकीणबाई खोलीतसुद्धा काळा चष्मा काढत नसत, त्यामुळे त्या कुणाकडे बघताहेत हे कळायला मार्ग नव्हता. भिंगरी गेला तर त्याला दुसरा संघ मिळाला असता. ओळंब्याला या वयात कुणीही विचारलं नसतं.

तर ती शेवटची शर्यत. ओळंबा आपली शेवटची पाळी संपवत होता. दुसरा नंबर, पुढची गाडी दिसण्याइतकी जवळ. धाकटीने आत बोलावलं आणि त्याच फेरीत, लांब उतार संपून खालच्या वळणाशी येताना त्याने ब्रेक दाबला, तर पेडल नेहमीपेक्षा नखभर जास्त खाली गेलं. पुढच्या वळणावर आणखी नखभर. ब्रेकचं तेल कुठून तरी झिरपत होतं. दुसऱ्या कुणाला हे कळलं नसतं. भिंगरीला तर नाहीच. तो ब्रेक दाबत नसे, लाथ मारत असे. लाथेला नखभराचा फरक कळत नाही.

पिटच्या वळणापर्यंत ओळंब्याला विचार करायला थोडा वेळ होता, आणि त्याने तो विचार केला. नुसतं "ब्रेक चांगला" म्हटलं की झालं. दोन शब्द. बाकी सगळं तो उतार बघून घेईल. तोंडात ते शब्द त्याने घोळवूनही पाहिले, आणि त्याला ते गोड लागले.

गाडी थांबली. तो बाहेर पडला, भिंगरी आत घुसला.

"श्वास घेता येईल इतपत आवळा, दादा."

"श्वास कशाला हवा? तेवढीच बडबड कमी." ओळंब्याने खांद्याचे पट्टे कचकन ओढले. मग हेल्मेट टेकवलं. "ब्रेक मऊ. पेडल खाली चाललंय. टायर चांगले. रस्ता कोरडा."

काचेआड भिंगरीचे डोळे हसले. "अरे वा! मागच्या वेळची परतफेड?"

"ब्रेक मऊ आहे, गाढवा!"

"गाढवाला सगळं कळतं," भिंगरी म्हणाला आणि त्याने काच खाली ओढली. गाडी निघून गेली.

ओळंबा हेल्मेट काढत सरळ धाकटीच्या खुर्चीपाशी गेला. "त्याला आत बोलाव. ब्रेकचं तेल गळतंय."

धाकटीने पडद्यावरून नजर हलवली नाही. "ब्रेकची उष्णता नेहमीसारखी आहे."

"उष्णता दिसते तुझ्या पडद्यावर. पेडल कुठवर जातंय ते दिसत नाही. त्याला सांगितलं, त्याला वाटतंय मी सूड उगवतोय."

"मग उगवत नाहीयेस?"

"चिमे!"

"दादा, आता आत बोलावलं तर शर्यत गेली. शर्यत गेली की त्याची सीट गेली, आणि मग राहिलास तूच. इतकं मलाही कळतं." तिने हेडफोन कानांवर घट्ट दाबला. "तुम्ही दोघांनी मिळून माझे कान विटवलेत. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ते खोटं आहे म्हणून सांगायचं. आज मला फक्त पडदा बघू दे."

पडद्यावर भिंगरी पुढच्या गाडीच्या मागे अगदी चिकटला होता. खालच्या वळणावर त्याने नेहमीसारखी उशिरा लाथ मारली, आणि गाडी वळणाच्या बाहेरच्या कडेपर्यंत गेली. तिथली धूळ उडाली. बघणाऱ्यांना वाटलं, काय धाडसी आहे! ओळंब्याला मात्र कळलं की पुढच्या फेरीला ती कड पुरणार नाही. कडेच्या पलीकडे टायर रचलेली भिंत होती, आणि उताराचा सगळा वेग घेऊन गाडी तिच्यात शिरणार होती.

खरं सांगून झालं होतं. दोघांना.

त्याने धाकटीच्या डोक्यावरून हेडफोन ओढून काढला. तिच्या कानातली रिंग त्यात अडकली, ती "आई गं!" म्हणाली, पण तोवर त्याने बटण दाबलं होतं.

"जावईबापू, मी बोलतोय. मघाशी खोटं बोललो. ब्रेक ठणठणीत आहे."

रेडिओवर खरखर. मग हसू. "ठाऊकच होतं मला."

"म्हणून सांगतो, खालच्या वळणावर घाबरू नका. शेवटच्या फलकापर्यंत ब्रेकला पायच लावू नका. पुढच्याला तिथेच गाठाल. एवढं ऐका माझं."

यावर उत्तर आलं नाही. हसूही आलं नाही.

ओळंबा पडद्याकडे बघत राहिला. मेहुणा आपल्याला कधी मदत करणार नाही, ही एकच गोष्ट भिंगरी मनापासून खरी मानत होता. तेव्हा मेहुणा जर म्हणतोय की ब्रेक उशिरा लाव, तर त्यात काहीतरी काळंबेरं आहे. गाडी उताराला लागली. वळणाआधी अंतर दाखवणारे तीन फलक असतात. भिंगरी एरवी शेवटच्या फलकाशी लाथ मारायचा. आज त्याने पहिला फलक यायच्याही आधी ब्रेक दाबून पाहिला.

पेडल तळाला गेलं. गाडीचे मागचे दिवे लागले, विझले, लागले, विझले. वेड्यासारखा तो पेडल पुन्हा पुन्हा दाबत होता. जागा होती म्हणून प्रत्येक वेळी थोडा थोडा वेग कमी होत गेला. गाडी वळणाबाहेरच्या खडीत शिरली, रुतली, आणि टायरांच्या भिंतीला नाक लावून उभी राहिली. बैल गोठ्यात उभा राहतो तशी.

धाकटीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ओळंब्याने हेडफोन टेबलावर ठेवला.

शर्यत गेली. थोड्या वेळाने भिंगरी परत आला तो मेकॅनिकांना ढकलत, आणि अहो-जाहो सगळं वाटेतच सांडून. "कुठाय तो? मला मारायला निघाला होतास! सगळ्यांनी ऐकलंय रेडिओवर! ब्रेक लावू नको म्हणे!"

मालकीणबाई आल्या. एका मेकॅनिकने ओढून आणलेल्या गाडीचं पुढचं चाक काढून दाखवलं. आतली बाजू ब्रेकच्या तेलाने चकाकत होती. त्यांनी ते पाहिलं आणि भिंगरीला विचारलं, "पट्टे लावताना याने काही सांगितलं होतं?"

भिंगरीने ओळंब्याकडे बघितलं, मग त्या काळ्या चष्म्याकडे. "टायर आणि रस्ता. ब्रेकचं काही नाही."

मग धाकटी खुर्चीतून उठली. तिच्या कानाच्या पाळीवर रक्त सुकलं होतं.

"मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "तेल गळतंय, आत बोलाव म्हणून. त्यालाही सांगून झालंय म्हणाला. मी ऐकलं नाही. ती माझी चूक."

"मग रेडिओवर उलटं कशाला?" मालकीणबाईंनी विचारलं.

"सुलटं दोनदा सांगून पाहिलं होतं," ओळंबा म्हणाला.

मालकीणबाईंनी मान हलवली. त्यांना सगळं समजलं, हे स्पष्ट दिसत होतं. पण समजणं वेगळं आणि ठरवणं वेगळं. "मी काही न्यायाधीश नाही," त्या म्हणाल्या. "मला जोरात चालवणारा माणूस हवाय. आणि आपल्याच ड्रायव्हरला ब्रेक लावू नको म्हणणारा आवाज उद्या टीव्हीवरून घरोघरी ऐकू येईल. तो मी कुणाकुणाला समजावत बसू? सीट भिंगरीची." आणि धाकटीकडे वळून, "तुझी चूक मी विसरले. तू माझ्या उपयोगाची आहेस." त्या निघून गेल्या.

ओळंबा हातमोजे हेल्मेटमध्ये कोंबू लागला. भिंगरी जवळ आला. जिंकल्यावर माणूस जरा मऊ होतो, तसा तो झाला होता. "दादा, झालं ते झालं. जीव वाचवलात, ते मी…"

"तुझा जीव गेला खड्ड्यात," ओळंबा म्हणाला. "मी चिमीचा नवरा वाचवला. नाइलाज होता."

भिंगरीचा चेहरा पडला. तो बायकोकडे वळला. "चल, बाई थांबल्यात. फोटो काढायचाय."

धाकटीने टेबलावरचा हेडफोन उचलला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि तो नवऱ्याच्या हातात दिला. "पुढच्या वर्षी या खुर्चीत दुसऱ्या कुणाला बसव."

"म्हणजे?"

"तू मघाशी बाईंना जे सांगितलंस ना, ते मी ऐकलं. उद्या मी कानात म्हटलं ब्रेक मऊ आहे, तर तुला ते खरं कसं वाटणार? आणि तू म्हणालास पेडल चांगलं आहे, तर मी काय समजू?"

"आता तूही त्याच्याच बाजूची?"

"नाही," ती म्हणाली. "त्याच्याही नाही."

आणि भावालाही ते ठाऊक होतं. ती ओळंब्याच्या मागोमाग वाहनतळावर आली तेव्हा तो तिच्यासाठी थांबला नाही. त्याने सामान मागच्या सीटवर फेकलं, दार उघडलं.

"दादा."

"तूसुद्धा ऐकलं नाहीस, चिमे. बादलीवर उभी राहायचीस, तेव्हापासून मी तुला गाडीबद्दल एक शब्द तरी खोटा सांगितला होता का?"

"नाही."

"मग?"

ती गाडीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला बसली आणि पट्टा लावू लागली. त्याने तो ओढून दिला नाही. नुसता बघत राहिला, ती नीट लावते की नाही ते. मग त्याने किल्ली फिरवली, निघण्याआधी ब्रेक एकदा तळापर्यंत दाबून पाहिला, आणि गाडी बाहेर काढली.